जुन्या पट्ट्या नव्या भाषेत लिहा

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब बघते. शिक्षण बी.कॉम. आमचा पट्टीचा (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचा) प्रोग्रॅम एका इंजिनिअर मुलानं पीएचपी या संगणकाच्या भाषेत करून दिला होता. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि दुरुस्त्या माझ्या गळ्यात आल्या. मोडत-जोडत मी पीएचपी शिकले, आज तो प्रोग्रॅम पूर्ण मीच सांभाळते. आता मालकांना सौदा चालू असतानाच, वजन आणि दर टाकल्याबरोबर मोबाइलवर रक्कम दिसायला हवी आहे. पान पुन्हा लोड व्हायला नको. त्यासाठी जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी भाषा लागते. दोन-तीन ऑनलाइन कोर्स सुरू केले, सगळे अर्धवट राहिले. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, बंद केला की एक ओळ सुचत नाही. भाची इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणते, थेट रिअ‍ॅक्ट आणि टाइपस्क्रिप्ट शिक. पुण्यात शनिवार-रविवारचा क्लास आहे, त्याची फी भरू का? माझं इंग्रजी जेमतेम आहे. आणि मालकांना किती दिवसांची मुदत सांगू?
– एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम, तोही विचारायला कोणी नसताना, वाचून समजून घेणं आणि हंगामात तो बंद पडू न देणं हे अवघड काम आहे. ते तुम्ही केलं आहे. म्हणून तुम्ही नवशिक्या नाही, आणि कोर्स अर्धवट राहण्याचं कारणही तिथंच आहे. ते कोर्स ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी केलेले असतात. व्हेरिएबल म्हणजे काय, लूप कसा फिरतो, हे तासन्‌तास चालतं. ते तुम्हाला येतं, म्हणून बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं. आणि जिथं नवी भाषा तुमच्या हाताच्या सवयीपेक्षा वेगळी वागते, ती जागा एका वाक्यात निघून जाते.

कोर्स बाजूला ठेवा. तुमच्याच पट्टीचा हिशेब जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहा.

स्क्रीन, बटण, रंग यातलं काहीही आत्ता नको. फक्त हिशेब. पोत्यांची वजनं, क्विंटलचा दर, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारी निव्वळ रक्कम. पीएचपीत हे ज्या फंक्शनमध्ये आहे, त्यातलं एकेक जावास्क्रिप्टमध्ये लिहायचं. पहिले काही दिवस ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून उघडणारा कन्सोल पुरेल. नंतर नोड टाकून घ्या. तो ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवतो, आणि फुकट आहे. मग पीएचपीच्या जेसन एनकोडनं, म्हणजे माहिती मजकुराच्या रूपात काढून देणाऱ्या फंक्शननं, मागच्या हंगामातल्या सगळ्या पट्ट्या एका फाइलमध्ये काढा, त्या नव्या फंक्शनमधून फिरवा आणि जुनी निव्वळ रक्कम नव्या रकमेशी पैशापर्यंत जुळते का ते बघा.

अशी परीक्षा कुठलाही क्लास घेऊ शकत नाही. बरोबर उत्तरं तुमच्याकडे आधीच छापलेली आहेत. जी पट्टी जुळणार नाही ती का जुळली नाही, याचा शोध घ्याल तेव्हा ती भाषा तुमच्या डोक्यात बसेल. व्हिडिओत चूक दुसरा करतो आणि दुरुस्तही तोच करतो. बघणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही.

कुठं अडखळाल ते आधीच सांगून ठेवतो. सांगितल्यामुळे अडखळणं टळणार नाही, पण अडखळल्यावर घाबरायला होणार नाही.

सगळ्यात आधी बेरीज. पीएचपीत शब्द जोडायला टिंब आणि बेरजेला अधिकचं चिन्ह, असं वेगळं आहे. जावास्क्रिप्टमध्ये दोन्हीला अधिकचंच चिन्ह. फॉर्मच्या चौकटीत टाकलेलं वजन ही जावास्क्रिप्टच्या लेखी संख्या नसते, तो मजकूर असतो. पन्नास-पन्नास किलोची दोन पोती टाकलीत तर पीएचपी १०० सांगेल, जावास्क्रिप्ट ५०५० सांगेल. कुठलीही एरर येणार नाही, पट्टी मुकाट्यानं चुकेल. म्हणून चौकटीतून आलेली प्रत्येक किंमत आत घेतानाच नंबरमध्ये बदलायची, हिशेबाच्या मधे कुठंतरी नव्हे. त्यातही दोन खाचखळगे आहेत. रिकामी चौकट नंबरमध्ये बदलली की शून्य होते, म्हणजे वजन टाकायचं राहिलं हे कळतच नाही. आणि मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू असताना कोणी देवनागरी आकडे टाकले, तर ते नंबरमध्ये बदलत नाहीत, ‘नॅन’ म्हणजे ‘ही संख्या नाही’ असं उत्तर येतं. यार्डात हे दोन्ही पहिल्याच दिवशी होईल.

दुसरी जागा क्रमवारीची. दिवसाचे दर चढत्या क्रमानं लावायचे म्हणून ९५००, १२०००, १५५०० या यादीवर नुसतं सॉर्ट चालवलंत, तर जावास्क्रिप्ट १२०००, १५५००, ९५०० असा क्रम देईल. कारण ती वेगळं काही सांगितलं नाही तर संख्यांनाही मजकूर समजून पहिल्या अक्षरापासून लावते. दोन संख्यांची तुलना कशी करायची ते छोटं फंक्शन सॉर्टला द्यावं लागतं.

अशा गोष्टी बघून माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. तसं नाही. जावास्क्रिप्ट १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी केली, आणि तिचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं राहिलं. रॅसमस लेर्डॉर्फ यांनी पीएचपी लोकांसमोर ठेवली तीही १९९५ मध्येच. दोन्ही भाषांत घाईच्या दिवसांतले काही निर्णय राहून गेले. त्या निर्णयांवर जगभरची पानं उभी राहिली, आणि आता ते काढले तर जुनी पानं मोडतील. म्हणून नव्या सोयी येतात, पण जुनं वागणं तसंच राहतं.

आता पैशाचं. हे नीट वाचा, कारण पेढीवर विश्वास याच्यावर चालतो. कन्सोलमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा. उत्तर ०.३०००००००००००००००४ येईल. संगणक दशांश दोनाच्या घातांत साठवतो आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही. पीएचपीतही आत हेच असतं, फक्त ती छापताना १४ अंकांपर्यंत गोळाबेरीज करून ०.३ दाखवते, म्हणून तुम्हाला आजवर दिसलं नाही. जावास्क्रिप्ट झाकत नाही. १.००५ ला १०० नं गुणलं तर ती १००.४९९९९९९९९९९९९९ सांगते, आणि पूर्णांकात आणताना १०१ ऐवजी १०० होतात. एका पट्टीत एक पैसा गेला.

उपाय जुना आणि पक्का आहे. रुपये ठेवायचेच नाहीत, सगळी रक्कम पैशांत ठेवायची. वजन ग्रॅममध्ये. ९ क्विंटल ३७ किलो म्हणजे ९,३७,००० ग्रॅम. दर १४,६५० रुपये म्हणजे १४,६५,००० पैसे. दोन्हींचा गुणाकार करून एका क्विंटलच्या १,००,००० ग्रॅमनं भागलं की १,३७,२७,०५० पैसे, म्हणजे १,३७,२७० रुपये ५० पैसे. भागाकारानंतर एकदाच पूर्णांकात आणायचं आणि रुपये फक्त छापताना करायचे. जावास्क्रिप्ट ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतचे पूर्णांक बिनचूक धरते. पैशांचे रुपये केले तर ते नव्वद लाख कोटींच्या वर जातात, तेव्हा यार्डाच्या उलाढालीची काळजी नको.

यादीची नक्कल करण्यातही फरक आहे. पीएचपीत एक अ‍ॅरे, म्हणजे यादी, दुसऱ्या नावाला दिला की दुसरीकडे स्वतंत्र प्रत होते. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही नावं एकाच यादीकडे बोट दाखवतात. ‘कच्ची पट्टी’ म्हणून घेतलेल्या यादीत तुम्ही एक वजन बदललंत की मूळ पट्टीतही ते बदलतं. यादीच्या नावाआधी तीन टिंबं दिली की वरवरची प्रत मिळते, पण आतल्या याद्या सामाईकच राहतात. पूर्ण वेगळी प्रत हवी तर स्ट्रक्चर्डक्लोन वापरा. आणि पीएचपीत रिकामा अ‍ॅरे ‘खोटा’ धरला जातो, जावास्क्रिप्टमध्ये ‘खरा’. पोती टाकली नाहीत तर थांब, असं लिहिलंत तर ती थांबणार नाही. लांबी शून्य आहे का ते तपासा.

इथवरचं सगळं आठवड्याभरात हाताखाली येईल. खरा घाट पुढं आहे, आणि त्याच्यासाठी वेळ राखून ठेवा.

पीएचपी एका ओळीवर थांबते. डेटाबेसला विचारलं की उत्तर येईपर्यंत पुढची ओळ चालत नाही. तुमच्या हाताला ही सवय इतकी आहे की ती सवय आहे हेही तुम्हाला जाणवत नसेल. जावास्क्रिप्ट थांबत नाही. ती पेढीवरच्या दिवाणजीसारखी चालते. हमालाला काट्यावर वजन आणायला पाठवलं की दिवाणजी हातावर हात ठेवून बसत नाही, पुढची पट्टी लिहायला घेतो, आणि हमाल परत आला की राहिलेला आकडा भरतो. सर्व्हरकडून दर मागवायला फेच वापरलंत की त्या ओळीतून दर मिळत नाही, दर येईल असं आश्वासन मिळतं. त्याला प्रॉमिस म्हणतात. तुम्ही त्या प्रॉमिसलाच वजनानं गुणलंत तर उत्तर ‘नॅन’. दर हातात आल्यावरच पुढची ओळ चालावी असं वाटत असेल तर अवेट लिहायचं, आणि ज्या फंक्शनमध्ये अवेट आहे त्याला असिंक म्हणायचं. असिंक फंक्शनही स्वतः प्रॉमिसच परत देतं. म्हणून त्याला जो हाक मारेल त्यानंही अवेट लिहायला हवं. बहुतेक वेळा चूक इथंच होते. आत अवेट असतो, बाहेर विसरलेला असतो.

हे वाचून कळेल, पण हाताला कळणार नाही. म्हणून कागद घ्या. तीन ओळी लिहा : पहिली ‘एक’ छापते, दुसरी सेटटाइमआउट (ठरावीक वेळानं काम चालवणारं फंक्शन) शून्य मिलिसेकंदांचा लावून ‘दोन’ छापते, तिसरी ‘तीन’ छापते. चालवण्याआधी काय क्रम येईल ते कागदावर लिहा. येईल एक, तीन, दोन. शून्य थांबा सांगितला तरी ‘दोन’ मागं राहतं, कारण हातातलं काम पूर्ण झाल्याशिवाय ती रांगेतलं काम घेत नाही. मग त्यात अवेट घाला, दोन फंक्शनं करा, प्रत्येक वेळी आधी कागदावर उत्तर लिहा आणि मगच चालवा. जिथं कागद आणि स्क्रीन जुळत नाहीत तिथं तारीख घालून कारण लिहून ठेवा. ही वही पुढं तुम्हाला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाला येईल.

सौद्यात याचा एक प्रकार हमखास त्रास देईल. समजा दर टाकला १४,६०० आणि लगेच बोली वाढली म्हणून १४,६५० केला. दोन मागण्या सर्व्हरकडे गेल्या. यार्डात नेटवर्क कमी-जास्त होतं, पहिल्या मागणीचं उत्तर दुसरीच्या नंतर आलं, आणि स्क्रीनवर जुना दर बसला. कोड बरोबर, आकडा चुकीचा. प्रत्येक मागणीला चढता क्रमांक द्या आणि शेवटच्या क्रमांकाचं नसेल ते उत्तर टाकून द्या. जमलं तर त्याआधी हा विचार करा की दर आणि वजन मोबाइलवरच आहेत, तर गुणाकारासाठी सर्व्हरकडे जायचंच कशाला? मालकांना हवी असलेली रक्कम ब्राउझरमध्येच निघते.

पण पक्की पट्टी मात्र सर्व्हरवरच्या पीएचपीनंच काढायची. ब्राउझरमधला कोड कोणीही एफ१२ दाबून बदलू शकतो. मोबाइलवर दिसते ती लगेच बघायची रक्कम, छापली जाते ती सर्व्हरची. म्हणून पीएचपी सोडायची नाही. ती टाकाऊ झाली असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस आजही तिच्यावर उभं आहे आणि २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून ती बरीच सुधारली आहे. सर्व्हर नोडवर हलवायचा मोह होईल, पण आत्ता हलवू नका. पीएचपी प्रत्येक मागणीला कोरी पाटी घेऊन सुरू होते, नोडचा प्रोग्रॅम मात्र चालूच राहतो. बाहेर ठेवलेल्या व्हेरिएबलमध्ये एका शेतकऱ्याचं नाव राहिलं तर ते दुसऱ्याच्या पट्टीवर येऊ शकतं. ती शिस्त अंगी यायला वेळ लागतो.

भाचीचं म्हणणं चुकीचं नाही, वेळ चुकीची आहे. रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टमध्ये स्क्रीन बांधायची लायब्ररी फेसबुकनं २०१३ मध्ये खुली केली. मोठ्या, सतत बदलणाऱ्या स्क्रीनसाठी ती चांगली आहे. तुमची स्क्रीन चार चौकटी आणि एक रक्कम एवढी आहे. मायक्रोसॉफ्टची टाइपस्क्रिप्ट २०१२ ची, जावास्क्रिप्टवरच बेतलेली. ती तुम्ही पुढं शिकावी असं मला मनापासून वाटतं, कारण संख्या हवी तिथं मजकूर दिला तर ती प्रोग्रॅम चालवण्याआधीच अडवते. पण तिचे नियम का आहेत हे ५०५० किलोची पट्टी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर कळतं. भाचीचा उपयोग दुसऱ्या कामाला करून घ्या. ती सांगलीतच शिकत असेल तर आठवड्यातून एकदा तिला तुमचा कोड वाचायला द्या. ‘काय शिकू?’ असं विचारू नका, ‘हे असं का लिहिलं ते मी तुला सांगते, कुठं पटत नाही ते तू सांग’ असं म्हणा. दोघींनाही फायदा होईल.

पुण्याच्या क्लासची फी भरू नका. जाण्या-येण्यात तुमची सुट्टी रस्त्यावर जाईल आणि तिथं पुन्हा व्हेरिएबलपासूनच सुरुवात होईल.

इंग्रजीची भीती मात्र मी हलकी समजत नाही. मोझिलाचं एमडीएन हे या भाषेचं सगळ्यात भरवशाचं फुकट माहितीस्थळ आहे, आणि ते इंग्रजीत आहे. पण ते कादंबरीसारखं वाचायचं नसतं. एका वेळी एकच पान, समजा सॉर्टचं. आधी खालचं उदाहरण टाइप करून चालवा, मग वरचा मजकूर वाचा. भाषेचे राखीव शब्द चाळीसच्या आसपास आहेत, त्यातले निम्मे तुम्हाला पीएचपीतून ओळखीचे आहेत. एरर आली की तिचं पहिलं वाक्य वहीत उतरवा आणि खाली मराठीत कारण लिहा. त्याच आठ-दहा एरर पुन्हापुन्हा येतात. व्हेरिएबलची नावंही सरावापुरती मराठीत चालतील. ‘हमाली’, ‘तोलाई’, ‘निव्वळ’ अशी देवनागरी नावं जावास्क्रिप्ट घेते. नेटवर शोधताना लेखाचं साल मात्र बघा. लेट आणि कॉन्स्ट (व्हेरिएबल जाहीर करायचे शब्द) आणि प्रॉमिस २०१५ च्या आवृत्तीत आले, असिंक-अवेट २०१७ च्या. त्याआधीचे लेख तुम्हाला उगाच वळसा घालायला लावतील.

मराठीचं निघालंच आहे तर एक उपयोगाचं. पट्टीवर गावाचं नाव ठरावीक जागेत बसवताना तुम्ही अक्षरं मोजत असाल. ‘सांगली’ या नावाची लांबी पीएचपीचं साधं स्ट्रलेन १८ सांगतं, कारण ते बाइट मोजतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. जावास्क्रिप्टची लेन्थ ६ सांगते, काना-मात्रा-अनुस्वार धरून. आपण मोजतो ती तीन अक्षरं हवी असतील तर जावास्क्रिप्टच्या इंटल या भागातलं सेगमेंटर वापरा. त्याच इंटलमधलं नंबरफॉरमॅट मराठीसाठी लावलंत तर रक्कम देवनागरी आकड्यांत, लाख-कोटीचे स्वल्पविराम बरोबर घालून मिळते. शेतकऱ्याला ती वाचायला सोपी जाईल.

एआयच्या चॅटबॉटला विचारायला हरकत नाही, पण आधी स्वतः लिहा आणि मग ‘हे का चुकलं’ एवढंच विचारा. त्यानं दिलेला कोडही त्याच जुन्या पट्ट्यांतून फिरवा. शेतकऱ्यांची नावं, मोबाइल आणि बँक खाते क्रमांक तिथं कधीही टाकू नका.

राहिली मालकांची मुदत. हळदीची आवक जोरात असते त्या फेब्रुवारी ते मे या काळात चालू प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, हे त्यांना आधी स्पष्ट सांगा. शिकणं आणि जुन्या पट्ट्या जुळवणं पावसाळ्यात करा. स्क्रीनसाठी दिवाळीनंतरचा काळ सांगा, आणि तारीख देऊ नका. पुढचा हंगाम सुरू होईल तेव्हा नवी स्क्रीन एकाच माणसाच्या मोबाइलवर जुन्याच्या शेजारी चालवा. रोज संध्याकाळी दोन्हीकडच्या रकमा तपासा, आणि एकही फरक न येता पुरेसे सौदे होत नाहीत तोवर पट्टी जुन्याच प्रोग्रॅममधून छापा. मालक घाई करतील. त्यांना फरक निघालेली एखादी पट्टी दाखवा. पेढीवर बसणाऱ्या माणसाला एवढं पुरतं.

प्रॉमिसच्या टप्प्यावर अडलात तर कोड, कागदावर लिहिलेला अपेक्षित क्रम आणि प्रत्यक्ष आलेला क्रम, तिन्ही लिहून पाठवा. मी नक्की बघेन.